सव्वा ठोक्याची तूट

योर्गेन लेथ या डॅनिश कवी-दिग्दर्शकाचे सायकल शर्यतींवरचे तीन चित्रपट विशेष गाजले. त्यांतले १९७३ च्या ‘जिरो दि’इतालिया’वरचा आणि १९७६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीवरचा, हे दोन रसिकांच्या अधिक तोंडी असतात. मला मात्र मधला, आकाराने लहान असलेला ‘द इम्पॉसिबल अवर’ मोलाचा वाटतो. त्यात शेजारी धावणारा प्रतिस्पर्धीच नाही. आहे ते फक्त घड्याळ.

ब्रेक नसलेल्या सायकलवर, धावपट्टीवर गोल फिरत, एकट्याने एका तासात किती अंतर कापता येते, याचा हा विक्रम. डेन्मार्कच्या ओले रिटरने १९६८ साली मेक्सिको सिटीत ४८.६५३ किलोमीटर कापले. सव्वादोन हजार मीटर उंचीवरची तिथली विरळ हवा सायकलला कमी अडवते. छातीला मात्र तीच पुरत नाही. १९७२ मध्ये बेल्जियमच्या एडी मेर्क्सने तिथेच ४९.४३१ चा आकडा गाठला. तो मोडण्यासाठी तेहतीस वर्षांचा रिटर नोव्हेंबर १९७४ मध्ये पुन्हा मेक्सिकोला गेला. त्या खटाटोपाचा हा चित्रपट.

जुन्या मनगटी घड्याळांचा नाद असल्याने मी तो कागद-पेन्सिल घेऊनच पाहिला. तिथली एक फेरी किलोमीटरच्या एक-तृतीयांश. मेर्क्सची सरासरी फेरी २४.२८ सेकंदांची. रिटरचा त्या वेळचा सर्वोत्तम आकडा ४८.८७९, म्हणजे फेरी २४.५५ सेकंदांची. आता किल्लीचे एचएमटी ‘जनता’ कानाला लावा. तासाला १८,००० ठोके, सेकंदाला पाच. रिटर प्रत्येक फेरीत सव्वा ठोक्याहून किंचित अधिक मागे पडत होता, इतकेच! दीडशेच्या आसपास फेऱ्यांत त्याचेच साडेपाचशे मीटर झाले. आणि गंमत अशी की, सहा वर्षांपूर्वीच्या स्वतःला मात्र त्याने २२६ मीटरनी मागे टाकले होते.

लेथ या अपयशाचे रडगाणे करीत नाही. तो तयारीत, आकड्यांत, माणसाच्या हट्टात रमतो. हा संयम मला फार आवडला.

आक्षेप आहे तो निराळाच. तासाविषयीचा हा चित्रपट स्वतः तासभरही चालत नाही! संकलनाच्या कात्रीने काळ आखडतो. त्यामुळे ती बारीकशी तूट साठत कशी जाते, हे कळते. अंगावर येत नाही. बेळगाव-धारवाडच्या टापूत विलंबित ख्यालावर कान पोसलेल्या श्रोत्याला तीन मिनिटांची तबकडी ऐकून जी रुखरुख लागते, तीच इथे लागते. एक तरी प्रयत्न पहिल्या फेरीपासून शेवटच्या ठोक्यापर्यंत सलग दाखवायला हवा होता. प्रेक्षक कंटाळले असते, हे खरे. पण चाळिसाव्या मिनिटाला सायकलवरच्या माणसालाही दुसरीकडे पाहण्याची सोय नसते.

पुढे १९८४ मध्ये फ्रान्चेस्को मोझेरने भरीव चाकांच्या सायकलवर ५१.१५१ किलोमीटर केले. २००० साली जागतिक संघटनेने तसल्या सायकलींवरचे आकडे बाजूला काढून मेर्क्सचा आकडा पुन्हा प्रमाण मानला, आणि २०१४ मध्ये नियम परत बदलले. रिटरचे ४८.८७९ यांपैकी कुठल्याच यादीत बसले नाही.