राजाराममहाराजांची रोजनिशी : एक साधनचिकित्सा

करवीरचे छत्रपति राजाराममहाराज युरोपच्या प्रवासाहून स्वदेशीं परतत असतां ता. ३० नोव्हेंबर १८७० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं कैलासवासी झाले. त्या वेळीं त्यांस अवघीं वीस वर्षें पुरीं झालीं होतीं. त्यांची इंग्रजी रोजनिशी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनीं संपादून १८७२ सालीं लंडन येथें प्रसिद्ध केली. करवीरच्या इतिहासाचें हें साधन मोलाचें खरें. परंतु तें वापरतांना एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे.

विलायतेंतील भेटी व पाहिलेलीं स्थळें यांविषयीं महाराज स्वतः साक्षी आहेत. स्वतःच्या मरणाची नोंद मात्र कोणासही स्वहस्तें करितां येत नाहीं. तेथें संपादकाची साक्ष सुरू होते. वेस्टसाहेब महाराजांसमवेत होते, म्हणून ते प्रत्यक्षदर्शी. पण प्रवासाची जबाबदारीही त्यांजवरच होती. त्यांचें कथन खोटें मानण्याचें कारण नाहीं; तसेंच तें सर्वस्वी तटस्थ मानण्याचेंही नाहीं.

स्कॉटलंडचा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट याचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. त्याची रोजनिशी एप्रिल १८३२ मध्यें, तोही इटलींतच असतां, वाक्य अपुरें ठेवून थांबते. पुढें ता. २१ सप्टेंबर रोजीं तो ॲबट्सफर्ड येथें स्वगृहीं वारला. त्याच्या अंतकालाचें प्रसिद्ध वर्णन जावई लॉकहार्ट यानें चरित्रांत केलें. त्यांतील उपदेशपर अंत्योद्गारांविषयीं पुढील संशोधकांनीं शंका घेतली आहे. न्यायशास्त्रांत आप्तवाक्य प्रमाण आहे. पण तेथें आप्त म्हणजे यथार्थ सांगणारा, केवळ जवळचा नव्हे.

महाराजांचें दहन आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमीं झालें. तेथें १८७४ सालीं छत्री व अर्धपुतळा उभारण्यांत आला. १९७८ सालीं जवळ झालेल्या पुलासही त्या ‘इंडियानो’चें, म्हणजे हिंदी पुरुषाचें, नांव मिळालें. हें स्मारक दहनस्थळाची साक्ष देतें. आजाराच्या दिवसांची देऊं शकत नाहीं. ती उणीव महाराजांबरोबर गेलेल्या मंडळींच्या मराठी पत्रांनींच भरून निघेल. तसेंच छापील पाठांत महाराजांचे शब्द किती व संपादकाचे किती, याचा निर्णय मूळ हस्तलिखिताशीं ताडून पाहिल्यावांचून करूं नये. ज्यांच्या दप्तरीं १८७० सालचीं अशीं पत्रें असतील त्यांनीं तीं उजेडांत आणावीं. वीस वर्षांच्या छत्रपतींच्या शेवटच्या दिवसांचा इतिहास एकाच साक्षीवर सोंपवून ठेवणें करवीरकरांस शोभत नाहीं.