फाइल आणि संदेश यांमधील सांधा : दोन ग्रंथांच्या अनुषंगाने

संगणक-प्रणालींच्या परस्परसंयोगावर गेल्या सुमारे दोन तपांत जे लेखन झाले, त्यात ग्रेगर होपे व बॉबी वुल्फ यांचा ‘एंटरप्राइझ इंटिग्रेशन पॅटर्न्स’ (२००३) आणि डेव्हिड चॅपेल यांचा ‘एंटरप्राइझ सर्व्हिस बस’ (२००४) हे दोन ग्रंथ पायाभूत मानले जातात. पहिल्याने या क्षेत्राला परिभाषा दिली. दुसऱ्याने एका विशिष्ट रचनेचा जोरकस पुरस्कार केला. दोहोंच्या गुणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व ते बहुतांशी यथार्थ आहे. परंतु ज्या एका ठिकाणावरून हे दोन्ही ग्रंथ घाईने पुढे जातात, तेच ठिकाण प्रत्यक्ष कामात वारंवार घात करते. फाइल-हस्तांतरणाचा सर्व्हर बसला जेथे जोडला जातो, तो सांधा हे ते ठिकाण होय.

‘बस’ ही संज्ञा येथे अर्थातच प्रवासी वाहनाची नव्हे. संगणकाच्या अंतर्भागात निरनिराळ्या घटकांना जोडणाऱ्या सामाईक तारांच्या समूहास जे नाव आहे, तेच येथे रूपकाने आले आहे. संस्थेतील प्रणाली एकमेकींना थेट न जोडता एका सामाईक संदेशमार्गाला जोडाव्यात, मजकुराचे रूपांतर आणि मार्गाचा निर्णय त्या मार्गावरच व्हावा, अशी ही कल्पना. या मार्गावरून जातो तो संदेश. सर्व्हरवर पडून असते ती फाइल. मध्ये एक अडॅप्टर बसविला की फाइलचा संदेश होतो, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत टिकतो, हाच प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

होपे-वुल्फ यांच्या ग्रंथात संयोगाच्या चार पद्धती सांगितल्या आहेत : फाइल-हस्तांतरण, सामाईक डेटाबेस, दूरस्थ आवाहन आणि संदेशन. फाइल-हस्तांतरणावरील प्रकरणभाग मार्टिन फाउलर यांचा आहे आणि तो या पद्धतीविषयी अनुदार मुळीच नाही. फाइल ही सर्व प्रणालींना समजणारी वस्तू आहे, देणाऱ्याला घेणाऱ्याच्या अंतर्रचनेचे ज्ञान लागत नाही, हे तेथे मोकळेपणाने मान्य केले आहे. नावांचे संकेत कोणी ठरवावेत, जुन्या फाइली कोणी काढाव्यात, एक प्रणाली लिहीत असताना दुसरीने वाचू नये म्हणून कुलूप वा वेळेचा संकेत असावा, हेही सांगितले आहे. पण या शेवटच्या गोष्टीला जेमतेम एखादे वाक्य मिळाले आहे. पुढे विवेचन असे वळते की, फाइली जितक्या वारंवार पाठवाव्यात तितके आपण संदेशनाच्या जवळ जातो. किंबहुना, प्रत्येक बदलागणिक एक फाइल काढली तर ते संदेशनच झाले.

हे प्रमेय आकर्षक आहे, पण चुकीचे आहे. त्यात फाइल आणि संदेश यांमधील भेद केवळ वारंवारतेचा मानला आहे. वस्तुतः भेद पूर्णतेचा आहे. संदेश हा रांगेत एकतर असतो किंवा नसतो. अर्धा संदेश ग्राहकाच्या हाती पडत नाही, कारण संदेशाची सीमा ही वाहन-यंत्रणेचीच जबाबदारी असते. फाइल मात्र निर्माण होण्याच्या क्षणापासून दिसू लागते आणि संपली केव्हा हे तिच्याकडे पाहून कळत नाही. दर मिनिटाला फाइल पाठविली म्हणून हा गुणधर्म बदलत नाही. उलट अपूर्ण फाइल वाचली जाण्याचे प्रसंग तेवढे वाढतात.

हा भेद मुळातच होता असेही नाही, आणि या इतिहासाकडे दोहोंपैकी एकाही ग्रंथाचे लक्ष गेलेले दिसत नाही. फाइल-हस्तांतरणाच्या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. आय. आय. टी. कानपूरच्या पहिल्या तुकडीतून निघून ते एम. आय. टी. मध्ये गेले होते. त्यानंतरच्या वर्षांत याच प्रोटोकॉलमध्ये टपालाच्याही आज्ञा आल्या. म्हणजे पत्र आणि फाइल ही एकाच नियमावलीची अपत्ये होती. १९८० च्या नियमावलीतही टपालाच्या आज्ञा आढळतात. १९८२ मध्ये पत्रासाठी स्वतंत्र प्रोटोकॉल स्थिर झाला आणि १९८५ च्या नियमावलीत फाइल एकटी उरली. पत्राला पाकीट मिळाले. फाइलला ते मिळाले नाही. पुढे दोन दशकांनी बसच्या पुरस्कर्त्यांनी फाइलला पुन्हा पाकिटात घालण्याचा जो उद्योग आरंभला, तो या ताटातुटीची भरपाई होता.

१९८५ ची नियमावली या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखी आहे. तीत नियंत्रणाची जोडणी वेगळी आणि मजकुराची वेगळी. मजकूर पाठविण्याचे तीन प्रकार दिले आहेत. गठ्ठ्यागठ्ठ्याने पाठविण्याच्या प्रकारात फाइल संपल्याची स्पष्ट खूण आहे, तुटल्यास पुन्हा सुरू करण्याची खूणही आहे. परंतु व्यवहारात रूढ झाला तो अखंड प्रवाहाचा प्रकार, आणि त्यात सामान्यतः मजकुराची जोडणी बंद होणे हीच फाइल संपल्याची खूण होय. म्हणजे जोडणी काम संपले म्हणून मिटली की मध्येच तुटली, हे मजकुराच्या बाजूने सारखेच दिसते. फरक कळतो तो नियंत्रणाच्या जोडणीवर येणाऱ्या २२६ या उत्तरावरून. पण हे उत्तर मिळते पाठविणाऱ्याला. बसचा अडॅप्टर या संभाषणात कोठेच नसतो. तो तिऱ्हाईतासारखा ठराविक वेळाने डिरेक्टरीत डोकावतो आणि त्याला दिसते फक्त नाव, आकार आणि वेळ. फाइलचे शेवटचे पाऊल अजून फूटबोर्डावर आहे की नाही हे न पाहताच घंटी देणाऱ्या कंडक्टरसारखी त्याची स्थिती असते. एसएसएचवर आधारलेल्या एसएफटीपीने गुप्तता आणली, फाइल बंद करण्याची स्वतंत्र विनंतीही आणली. तथापि तिऱ्हाईताचे अज्ञान तेथेही तसेच राहते.

यावर व्यवसायाने शोधलेले उपाय साधे आहेत. तात्पुरत्या नावाने फाइल पाठवावी आणि पूर्ण झाल्यावर तिचे नाव बदलावे; एकाच फाइल-प्रणालीच्या आत नामांतर हे सामान्यतः अविभाज्य असते, म्हणून वाचणाऱ्याला पूर्ण फाइल दिसते किंवा मुळीच दिसत नाही. किंवा मुख्य फाइलमागून एक रिकामी खूण-फाइल ठेवावी. या दोन्ही उपायांत पूर्णतेचे विधान पाठविणारा करतो, आणि तेच योग्य आहे. तिसरा उपाय, म्हणजे आकार काही काळ बदलला नाही की फाइल पूर्ण झाली असे मानणे, हा मात्र तर्काचा आभास आहे. मंद जोडणीवर थांबलेली फाइल आणि संपलेली फाइल यांत त्याला भेद करता येत नाही. होपे-वुल्फ यांच्या आकृतिबंधांना प्रत्यक्ष प्रोग्रामचे रूप देणाऱ्या ‘अपाचे कॅमल’ या २००७ पासूनच्या प्रकल्पात हे तिन्ही उपाय उपलब्ध आहेत, आणि ते पर्यायांच्या एकाच यादीत शेजारी शेजारी बसले आहेत. कोणता पर्याय पाठविणाऱ्याच्या शब्दावर उभा आहे आणि कोणता नुसत्या अंदाजावर, हे यादी सांगत नाही. हा दोष त्या प्रकल्पाचा म्हणण्यापेक्षा, मूळ ग्रंथाने हा भेद नावाने कधी सांगितलाच नाही, याचा परिणाम म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. ज्याला नाव नाही त्याची निवडही होत नाही.

दुहेरी वाचनाचा प्रश्न त्याच कुळातला. त्याच प्रकल्पात दूरस्थ सर्व्हरवरची फाइल वाचून झाल्यावर, वेगळे न सांगितल्यास, जेथल्या तेथेच राहते. पुढच्या फेरीत ती पुन्हा उचलली जाते. फाइल काढून टाकणे आणि संदेश रांगेत पक्का करणे या दोन क्रियांना एकाच व्यवहारात बांधणारी यंत्रणा या प्रोटोकॉलमध्ये नाही. म्हणून आधी काढली तर हरविण्याचा, नंतर काढली तर दोनदा जाण्याचा धोका पत्करावाच लागतो. येथे होपे-वुल्फ यांनी सांगितलेला पुनरुक्तीला न बधणारा ग्राहक उपयोगी पडतो, आणि ग्रंथाचे ते प्रकरण खरोखरच उत्तम आहे.

सर्वांत गंभीर प्रश्न उद्भवतो तो फाइलचे तुकडे करताना. अमेरिकेतील ‘ऑटोमेटेड क्लिअरिंग हाउस’ची पगार-देयकांची फाइल घ्यावी. तिची प्रत्येक ओळ ९४ अक्षरांची. १ ने सुरू होणारी फाइलच्या शीर्षाची, ५ ने तुकडीच्या शीर्षाची, ६ ने प्रत्यक्ष देयकाची, ८ ने तुकडीच्या समाप्तीची आणि ९ ने फाइलच्या समाप्तीची. समाप्तीच्या नोंदीत देयकांची संख्या, नावे व जमा रकमांच्या बेरजा आणि आणखी एक चमत्कारिक बेरीज असते : प्रत्येक देयकातील ग्राहक-बँकेच्या क्रमांकाचे पहिले आठ अंक मिळवून येणाऱ्या बेरजेचे शेवटचे दहा अंक. या बेरजेला व्यवहारात काहीही अर्थ नाही. कोणी बँकांचे क्रमांक मिळवीत बसत नाही. तरीही सबंध फाइलमध्ये याहून प्रामाणिक संख्या नाही. कारण तिचे एकच काम, काही गळले वा बदलले असल्यास ते उघडे पाडणे.

ही फाइल बसवर येते तेव्हा विभाजक तिचे एकेक देयक वेगळे करून स्वतंत्र संदेश करतो. प्रत्येक संदेश निर्दोष असतो. पण समाप्तीची नोंद कोणत्याच देयकाची नसल्याने ती बहुधा गळून पडते आणि तिच्याबरोबर, सर्व आले की नाही हे सांगणारा एकमेव साक्षीदारही जातो. फाइल मध्येच तुटली असेल तर समाप्तीची नोंद आलेलीच नसते. तरीही विभाजक तोवर आलेल्या ओळी निमूटपणे पुढे पाठवितो. काही लोकांना पगार मिळतो, काहींना मिळत नाही, आणि बसच्या नोंदवहीत मात्र एकही चूक दिसत नाही. गंमत अशी की संदेश-मालिकेच्या प्रकरणात होपे-वुल्फ यांनी स्वतःच एकूण संख्या वा अखेरची खूण आवश्यक मानली आहे, आणि संकलकाच्या प्रकरणात पूर्णतेच्या अटीची सविस्तर चर्चा केली आहे. फाइलमध्ये ही अट आधीच लिहिलेली असते, हा संबंध मात्र त्यांनी जोडला नाही.

चॅपेल यांच्या ग्रंथात ही उणीव अधिक ठळक होते. रात्री एकदा होणारी फाइलींची देवघेव हे जुन्या व्यवस्थेचे दुखणे म्हणून त्यांनी रंगविले असून त्यातील विलंबाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. विलंबाविषयीची त्यांची तक्रार रास्त आहे. पण रात्रीच्या फाइलमध्ये दोन गुणधर्म एकत्र नांदत असतात : ती उशिरा येते, आणि ती एकसंध येते. पहिला दोष आहे, दुसरा नाही. चॅपेल यांचे सारे लक्ष पहिल्यावर खिळल्याने दुसऱ्याची दखल घ्यायचे राहून गेले. ज्या ग्रंथाचा विषयच जुन्या प्रणालींना नव्या मार्गावर आणणे हा आहे, त्यात जुन्या प्रणाली आपली शिस्त कोठे सांभाळीत होत्या याची चौकशी अपेक्षित होती.

या सांध्याची योग्य रचना दोन्ही ग्रंथांतील साधनांनीच करता येते, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. फाइल प्रथम अखंड ठेवावी आणि बसवर फक्त तिची ओळख पाठवावी. होपे-वुल्फ यांनी ‘क्लेम चेक’ म्हणून जी कल्पना मांडली आहे ती हीच, रेल्वे स्टेशनावरील सामानघराच्या पावतीसारखी. मग समाप्तीची नोंद आधी वाचून संख्या व बेरजा पडताळाव्यात, आणि त्या जुळल्यावरच विभाजन व्हावे, तेही एकूण संख्या प्रत्येक संदेशाला चिकटवून. फाइल सबंध वाचून होईपर्यंत पहिले देयक अडकून राहते, हा यावरील आक्षेप खरा आहे. मोठ्या फाइलीसाठी विभाजक प्रवाहाने वाचतो तो याच कारणाने. परंतु प्रवाहाने वाचणाऱ्या विभाजकाला एकूण संख्या अखेरच्या तुकड्यापर्यंत ठाऊक नसते, आणि ‘कॅमल’मध्येही ती अखेरच्याच संदेशावर नोंदली जाते, तोपर्यंत आधीची देयके बँकेकडे निघून गेलेली असतात.