एका डागाचे रसग्रहण

जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रं बघायची, तर वसई रोडहून चर्चगेटपर्यंत गाडीत लोंबकळत जावं लागतं. पावसाळा सरला की मात्र आपल्याच गादीवर उताणं पडलं तरी भागतं. आम्ही वरच्या मजल्यावरची मंडळी. आमच्या स्लॅबवर दर वर्षी नवी कलाकृती लागते, आणि काढायची म्हटली तरी निघत नाही.

हसू नका. पोपडे धरलेल्या, डागाळलेल्या भिंतींकडे टक लावून बघा, त्यात डोंगर, नद्या, लढाया दिसतील, असं खुद्द लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना लिहून ठेवलं आहे. मला आमच्या डागात वसईची खाडी दिसते. सौ.ला खर्च दिसतो.

शैलीचं म्हणाल, तर आपल्या पालघर जिल्ह्यातले वारली गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढरी चित्रं काढतात. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांना त्यासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. आमचा कलावंत नेमका उलट्या पंथाचा, पांढऱ्यावर तपकिरी. पण रेषेवर हुकमत बघा! मध्ये फिकट, कडेला गडद. पाणी कडेला लवकर सुकतं आणि आतला मळ तिकडे ओढून नेतं, म्हणून ही किनार. ओल पुन्हा पसरली की आणखी एक किनार.

टीका करायचीच, तर ती रंगाऱ्यावर. दिवाळीच्या तोंडावर तो येतो, वर बघतो आणि म्हणतो, "शेट, दोन हात मारतो, डाग गुल!" दोन हात होतात. संध्याकाळी डाग गुल. चार दिवसांत पुन्हा हजर, जरासा गोरा होऊन. कारण डिस्टेंपर पाण्यातला. त्या पाण्यात डाग विरघळतो आणि नव्या रंगातून आरामात वर येतो. तिसरा हात म्हणजे त्याला वरून आणखी पाणी पाजणं. त्यापेक्षा आधी तेलाच्या प्रायमरचा नाहीतर सुताराच्या लाखेचा एक हात द्यावा, तो वाळू द्यावा, मग डिस्टेंपर. या घराण्याचं काम टिकतं.

अट एवढीच, की डाग मेलेला हवा. आत ओल जिवंत असली, तर तेलाचा हात पुरीसारखा फुगतो आणि एके दिवशी आमटीत पडतो. म्हणजे मूळ चित्रकार गाठणं आलं. वरती गच्ची. सेक्रेटरी पावसात म्हणतात, "पाऊस थांबू द्या." पाऊस थांबला की म्हणतात, "आता कुठे गळतंय?" (वसईच्या किल्ल्यातल्या बहुतेक चर्चना छप्परच उरलेलं नाही. तिथे हा प्रश्न कायमचा मिटला.)

एका जातीच्या डागापुढे मात्र मी रसग्रहण थांबवतो. रंग गंजाचा, आणि काठीने ठोकलं तर स्लॅब पोकळ वाजतो. आत सळ्या गंजून फुगलेल्या असतात. त्यावर रंग मारणं म्हणजे तापलेल्या पोराचा थर्मामीटर लपवणं. तिथे इंजिनिअरच हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला इमारत कोसळून माणसं गेली. त्यानंतर आमच्या बिल्डिंगमध्ये ज्याच्या त्याच्या हातात काठी दिसू लागली. जागा बघायला जाल आणि भिंती जुन्या पण छत तेवढं कोरं करकरीत दिसलं, तर चहा नको म्हणा, स्टूल मागा.

परवा रंगारी आला, तेव्हा मी त्याला आधी गच्चीवर नेलं. कोबाची भेग त्याने अंगठ्याने चाचपली.

"शेट, हे माझं काम नाही," म्हणाला, आणि ब्रश गुंडाळून सेक्रेटरींचं दार दाखवा म्हणाला.