वारू नावाचा हत्ती

कर्जदाराची ऐपत एका आकड्यात मागितली की मला शंका येते; समुद्रपूरला शेतकऱ्याची ऐपत पावसागणिक बदलते. 2016 साली आलेल्या 'सिव्हिलायझेशन 6' या खेळात मात्र प्रत्येक पलटणीची ताकद अशीच छापलेली. पोरं तो ऑनलाइन खेळतात. भारताची खास पलटण 'वारू'. मराठीत वारू म्हणजे घोडा, इथे मात्र चक्क हत्ती! ताकद 40, शिवाय शेजारच्या शत्रूची 5ने उतरते. पुतण्या म्हणतो, "काका, याच्यासमोर कोनी टिकत नाई."

आम्ही बी.कॉम. लोक, लगेच भागाकार केला. वारूला खर्च 120, म्हणजे एका ताकदीला 3. भालेकरी 65ला, ताकद 25, दर 2.60. घोडदळाशी लढताना त्याला 10 वरकड मिळतात, आणि खेळ हत्तीलाही घोडदळातच धरतो. (नाव सार्थ झालं म्हणायचं!) साधा स्वार 80ला, ताकद 36, दर फक्त 2.22, आणि वेग वारूच्या दुप्पट. हत्ती मंजूर करायला मी तयार नाही.

पण स्वाराच्या 36वरही सही कशी करू? 1761त पानिपतावर रसद तुटली, माणसं-जनावरं उपाशी. खेळात पगाराचं सोनं असलं की भागतं. चाऱ्याचा रकानाच नाही. शिवाय आपल्याकडे बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा घरचा. घोडा पडला तर शिलेदाराचं भांडवलच बुडालं. घोडा पुढं घालताना दोघांचा हात सारखा चालेल? खेळात दोघेही 36.