गाणे फुकट कसे झाले?

नववी-दहावीच्या वर्गात 'कॉपीराइट' हा शब्द निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, मित्राच्या मोबाइलमधून गाणे घेतले तर ती चोरी कशी? त्याचे गाणे त्याच्याकडे राहतेच की!" आपण बहुतेक शिक्षक यावर दोनपैकी एक उत्तर देतो. 'हो, चोरीच ती' असे सांगून विषय संपवतो, किंवा हसून सोडून देतो, कारण आपल्याही मोबाइलमध्ये तशी गाणी असतात. दोन्ही उत्तरांत टाळाटाळ आहे. वही चोरली तर मालकाकडे वही उरत नाही, पण गाण्याची नक्कल केली तर मूळ गाणे जागच्या जागी राहते. मग नुकसान कोणाचे होते, आणि नेमके कसे?

या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ पाहणाऱ्याला एका पुस्तकाची चांगली सोबत होते. स्टीफन विट या अमेरिकन पत्रकाराने लिहिलेले हे पुस्तक 'हाऊ म्युझिक गॉट फ्री' या नावाने २०१५ साली प्रसिद्ध झाले. विट गणिताचे पदवीधर. १९९७ साली ते महाविद्यालयात दाखल झाले आणि इतर हजारो विद्यार्थ्यांप्रमाणे संगणकावर फुकट गाणी साठवू लागले. २००५ पर्यंत त्यांच्याकडे दीड हजार गिगाबाइट संगीत जमले होते. सलग ऐकले तरी संपायला सुमारे दीड वर्ष लागेल एवढे हे संगीत आले कोठून, हा प्रश्न त्यांना बऱ्याच उशिरा पडला आणि त्यातून हे पुस्तक झाले.

पुस्तकात तीन कथा आलटून पालटून येतात. पहिली जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेतले संशोधक कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांची. एमपी-३ हे तंत्र ज्या गटाने घडवले त्यातले ते प्रमुख. दुसरी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात सीडी छापणाऱ्या कारखान्यातल्या एका कामगाराची. बाजारात येण्याआधीच सीडी पट्ट्याच्या बकलामागे लपवून बाहेर काढायच्या आणि संगणकजाळ्यावरील एका गुप्त टोळीला पोचवायच्या, हा त्याचा उद्योग. अशा रीतीने सुमारे २,००० अल्बम त्याने फोडले, आणि शेवटी तीन महिन्यांची कैद भोगली. तिसरी कथा युनिव्हर्सल या बलाढ्य संगीत कंपनीचे प्रमुख डग मॉरिस यांची. शोधणारा, फोडणारा आणि विकणारा, हे तिघे एकमेकांना न भेटताही एकमेकांची आयुष्ये कशी बदलतात ते विट यांनी रहस्यकथेच्या ओघाने सांगितले आहे.

कानाचा ढिसाळपणा

विज्ञानशिक्षकांना पहिली कथा सर्वांत मोलाची वाटेल. मात्र त्यातले विज्ञान विट यांनी थोडक्यात उरकले आहे. वर्गासाठी आपण ते थोडे उलगडून पाहू.

सीडीवर गाणे अंकांच्या रूपात असते. ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते. प्रत्येक मोजणी १६ बिटमध्ये लिहिली जाते, आणि डाव्या-उजव्या कानांसाठी दोन वाहिन्या असतात. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. चार मिनिटांचे, म्हणजे २४० सेकंदांचे गाणे घेतले तर ८ ने भागून सुमारे ४.२ कोटी बाइट. १९९०च्या दशकातला दूरध्वनीला जोडलेला मोडेम सेकंदाला २८,८०० बिट आणत असे. त्याने हे गाणे आणायला सव्वातीन तास लागले असते. एका गाण्यासाठी एवढा वेळ फोन अडकवून कोण बसेल?

यावरचा तोडगा यंत्राने दिला नाही, आपल्या कानाने दिला. शाळेची घंटा घणघणत असताना शेजारच्याचे कुजबुजणे ऐकू येत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. एखादा मोठा स्वर त्याच्या जवळच्या वारंवारतेचे बारीक स्वर झाकून टाकतो. मोठा आवाज थांबल्यावरही सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत कान काहीसा बधिर राहतो. गंमत म्हणजे मोठ्या आवाजाच्या किंचित आधी झालेला बारीक आवाजही ऐकू येत नाही, कारण मेंदूला त्याची नोंद घ्यायला वेळच मिळत नाही. एबरहार्ड झ्विकर या जर्मन शास्त्रज्ञाने श्रवणाच्या अशा मर्यादा प्रयोगांनी काटेकोर मोजल्या होत्या.

एमपी-३ तंत्र याचाच फायदा घेते. जेथे कान चोखंदळ, तेथे मोजमाप बारीक ठेवायचे. जेथे ढिसाळ, तेथे ढोबळ करायचे. ढोबळपणामुळे येणारी खरखर मोठ्या स्वराखाली झाकली जाते. याच्या जोडीला, वारंवार येणाऱ्या अंकांना आखूड खुणा आणि क्वचित येणाऱ्यांना लांब खुणा देण्याची हफमन यांची १९५२ सालची युक्ती वापरली जाते. या साऱ्यामुळे सेकंदाला १,२८,००० बिटमध्ये भागते. म्हणजे अकरापट बचत! तेच गाणे आता ३८ लाख बाइटमध्ये मावते आणि त्याच मोडेमवरून १८ मिनिटांत येते. विद्यार्थ्यांकडून हा हिशेब जरूर करून घ्यावा. सव्वातीन तासांची १८ मिनिटे झाली, आणि पुढची सगळी भांडणे त्यातून उगवली.

ब्रांडेनबुर्ग यांनी कसोटीसाठी सुझान व्हेगा या गायिकेचे एक गाणे निवडले, त्याचे कारणही वर्गात विचारण्यासारखे आहे. त्या गाण्याला वाद्यांची साथ नाही, नुसता आवाज आहे. खरखर झाकायला मागे कोणताच मोठा स्वर नसल्याने तंत्रातला बारीकसा दोषही तेथे उघडा पडत असे. हे गाणे नीट उतरेपर्यंत त्यांच्या गटाने तंत्र पुनःपुन्हा सुधारले.

आणखी एक गोष्ट विट यांनी छान दाखवली आहे. चांगले तंत्र आपोआप जिंकत नाही. प्रमाण ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीत फिलिप्स कंपनीच्या पाठिंब्याचे एमपी-२ हे तंत्र सरस ठरवले गेले. (आपल्याकडे घरोघर आलेल्या व्हीसीडीत आवाजासाठी हेच एमपी-२ होते.) एमपी-३ काही काळ तगून राहिले ते अमेरिकेतल्या बर्फावरील हॉकी सामन्यांच्या ध्वनिप्रक्षेपणामुळे!

भांडण आणि निवाडे

१९९९ च्या जूनमध्ये शॉन फॅनिंग या कोवळ्या विद्यार्थ्याने 'नॅप्स्टर' सुरू केले. एकमेकांच्या संगणकांवरील गाणी शोधून उतरवून घेण्याची ती सोय होती. डिसेंबरमध्येच संगीत कंपन्यांनी दावा लावला. फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाने नॅप्स्टरच्या विरोधात निकाल दिला आणि जुलैमध्ये ते बंद पडले. गाण्यांची देवघेव मात्र थांबली नाही, ती दुसऱ्या वाटांनी चालू राहिली. २००३ पासून कंपन्यांनी थेट ऐकणाऱ्यांवर दावे लावले. पाच-सहा वर्षांत सुमारे ३५,००० जणांना त्याची झळ लागली, त्यात न्यूयॉर्कमधली १२ वर्षांची एक मुलगीही होती. २००९ साली मिनेसोटातील एका महिलेला २४ गाण्यांसाठी १९,२०,००० डॉलर भरण्याचा निवाडा ज्यूरीने दिला. पुढे ती रक्कम २,२२,००० डॉलरवर आली.

या वीस वर्षांच्या वादात दोन बाजू होत्या. 'ही चोरी आहे' असे कंपन्या म्हणत. 'माहिती मुक्त असली पाहिजे' असे विरोधक म्हणत. २००९ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत स्वीडनमध्ये 'पायरेट पार्टी' नावाच्या पक्षाने ७ टक्क्यांहून अधिक मते मिळवली, एवढे हे राजकारण तापले होते. दोन्ही बाजूंत अर्धे सत्य होते. अमेरिकेत ध्वनिमुद्रित संगीताची विक्री १९९९ साली १४.६ अब्ज डॉलर होती, ती २०१४ पर्यंत निम्म्यावर आली. तेव्हा नुकसान काल्पनिक नव्हते. पण त्याच कंपन्यांनी सीडीच्या किमती संगनमताने चढ्या ठेवल्याचे, आणि त्यामुळे ग्राहकांना सुमारे ४८ कोटी डॉलर जादा मोजावे लागल्याचे, तेथील सरकारी व्यापार आयोगाने २००० साली म्हटले होते. स्वतः गिऱ्हाइकाला लुबाडणाऱ्याने 'चोर, चोर' ओरडावे, यातली विसंगती विट झाकत नाहीत. दोन्हींकडे सारख्याच नजरेने पाहण्याची ही वृत्ती मला पुस्तकाचा मोठा गुण वाटते.

पुस्तक कोठे कमी पडते

माझा पहिला आक्षेप मांडणीवर आहे. पुस्तकाच्या उपशीर्षकात त्या कामगाराला साथीच्या रोगातला पहिला रुग्ण म्हटले आहे. रहस्यकथेला असा एक माणूस लागतो. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे सावध व्हावे. अकरापट बचतीचा हिशेब एकदा खरा ठरला, संगणकांत सीडी वाचण्याची सोय आली, जाळे पसरले, की त्या कारखान्यातून नाही तर दुसरीकडून गळती झालीच असती. धरणाची पातळी वाढत असताना पहिली फट कोणती, हे शोधणे रंजक असते. पण पाणी का वाढले, हा प्रश्न महत्त्वाचा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शोधणारा, फोडणारा आणि विकणारा भेटतो, पण गाणारा, चाल बांधणारा, गीत लिहिणारा फार थोडा भेटतो. सारे भांडण ज्याच्या नावाने झाले त्याच्या पदरात काय पडले, हे पुस्तक मिटल्यावरही नीट कळत नाही.

तिसरी उणीव दुसरीशी जोडलेली आहे. ही कथा जर्मनी आणि अमेरिकेपुरतीच राहते. आपल्याकडे हाच वाद दोनदा होऊन गेला होता. १९६०च्या दशकात लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांना रॉयल्टीचा वाटा मिळावा असा आग्रह धरला. ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळाले की गायकाचा हक्क संपला, असे महंमद रफी यांचे मत होते. या मतभेदापायी दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. पुढे १९८०च्या दशकात कॅसेट आली. गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजने कायद्यातील सवलतीचा उपयोग करून जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि स्वस्तात विकली. ग्रामोफोन कंपनीची जुनी मक्तेदारी त्या लाटेत मोडली. ध्वनिफितीची नक्कल कोणालाही करता येई. त्यातून नकली माल बोकाळला, आणि त्याच स्वस्ताईमुळे लोकगीते, भक्तिगीते, भीमगीते गावोगाव पोचली. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या पुस्तकात ही सारी उलथापालथ नोंदवली आहे. विट यांच्या पुस्तकाशेजारी ते ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. तंत्र बदलते तेव्हा मधला दुकानदार बदलतो. गीतकार-संगीतकाराचा वाटा तेवढ्याने वाढत नाही, तो कायद्यात मागून घ्यावा लागतो. भारतात २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा निश्चित केला. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत बाजू लढवली होती.

पुस्तक निघाल्यानंतर पुन्हा दुकानदार बदलला. आता गाणी विकत घेतली जात नाहीत, जाळ्यावरून ऐकली जातात. २०२३ साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताच्या उत्पन्नाचा सुमारे ८४ टक्के भाग अशा ऐकण्यातून आला. उद्योग सावरला. पण ऐकणाऱ्याच्या कपाटात आता काहीच उरत नाही. वर्गणी थांबली की संग्रह संपला.

वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर

मग त्या मुलाला काय सांगायचे? एल्विस प्रेस्लीच्या बेकायदा ध्वनिमुद्रिकांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली म्हटले की कॉपीराइटचा भंग आणि चोरी या सरसकट एकच गोष्टी मानता येत नाहीत. म्हणजे मुलाची शंका बरोबर आहे. पण चोरी नाही म्हणजे योग्य आहे, असे होत नाही. नक्कल करायला काही खर्च येत नाही, हे खरे. पहिली प्रत घडवायला मात्र रियाज, वेळ आणि पैसा लागतो. तो खर्च कोणी आणि कसा भरून द्यायचा, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर 'सगळे बंद' असेही नसते. आपला १९५७ चा कायदा शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या नकलेला मुभा देतो. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात २०१६ साली उच्च न्यायालयाने ही मुभा संकुचित अर्थाने घेतली नाही. म्हणजे समाज जाणूनबुजून कोठे दार उघडे ठेवतो आणि कोठे लावतो. ते कोठे असावे यावर विद्यार्थ्यांना वाद घालू द्यावा. एका गटाने गायिका व्हावे, दुसऱ्याने कंपनी, तिसऱ्याने ऐकणारे आणि चौथ्याने संशोधक. एक तास सहज रंगेल.

पुस्तक इंग्रजीत आहे, पण भाषा सोपी आहे. काही प्रकरणांतली बोली थोडी रांगडी असल्याने शिक्षकांनी आधी स्वतः वाचून मग विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे. शाळेच्या ग्रंथालयात ते असायला हवे. आणि हो, ते विकतच घ्यावे!