अंधाराची ओढ : ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ आणि वाचनासक्तीचा प्रश्न

‘पुस्तक हातातून सुटत नाही’ हे वाचकाच्या तोंडचे प्रशस्तिपत्र मराठी समीक्षेने क्वचितच गंभीरपणे घेतले आहे. चटक, नाद, झपाटून वाचणे हे शब्द ज्या वाङ्मयाला लावले गेले, ते वाङ्मय बहुधा मूल्यविचाराच्या उंबरठ्याबाहेरच राहिले. वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन्ही प्रवृत्तींचा विचार केला होता. पुढील काळात मात्र अद्भुताची चर्चा ‘पलायन’ या एका शब्दात आटोपण्याची सवय रूढ झाली. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाचकांच्या पिढ्या पोसल्या गेल्या, तरी त्या ओढीचे स्वरूप काय होते, हे तपासण्याची निकड विद्यापीठीय समीक्षेला फारशी भासली नाही. आसक्ती ही वाचकाची दुर्बलता मानावी की संहितेचा गुणधर्म, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहिला.

अमेरिकन लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालिकेच्या निमित्ताने हा प्रश्न पुन्हा उभा करणे उचित ठरते. १९९१ मध्ये लेखनास आरंभ झालेल्या या मालिकेचा पहिला खंड ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरचे खंड १९९८, २००० आणि २००५ मध्ये, आणि पाचवा ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’ २०११ मध्ये आला. आरंभी तीन खंडांत संपावयाची ही कथा सात खंडांपर्यंत वाढली आणि पाचव्यावर थांबलेली आहे. २०११ ते २०१९ या काळात तिच्यावर आधारलेली त्र्याहत्तर भागांची दूरचित्रवाणी मालिका जगभर पाहिली गेली. तिच्या लोकप्रियतेची कारणे निराळी आहेत आणि तिचा विचार येथे अभिप्रेत नाही.

या मालिकेच्या ओढीचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे स्पष्टीकरण असे, की येथे कोणीही केव्हाही मरू शकतो आणि म्हणून वाचक श्वास रोखून वाचत राहतो. ‘ग्रिमडार्क’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंधारमय अद्भुताचे हे ठरावीक लक्षण सांगितले जाते. स्पष्टीकरण सोयीचे आहे, पण ते पहिल्या वाचनापुरतेच पुरते. कोण मरणार हे ठाऊक असूनही ही पुस्तके दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचली जातात, आणि दुसऱ्या वेळी ओढ कमी होण्याऐवजी निराळी होते. आसक्तीचा खरा पुरावा या दुसऱ्या वाचनात शोधावयास हवा.

नेड स्टार्कच्या मृत्यूचे उदाहरण घ्यावे. पहिल्या खंडाचा नायक भासणारा हा सरदार खंड संपण्यापूर्वीच शिरच्छेदाची शिक्षा भोगतो. जे. आर. आर. टॉल्किन यांनी परीकथेवरील आपल्या प्रसिद्ध विवेचनात, सर्वनाशाच्या कडेवरून कथेला मिळणारे आनंददायी वळण हे अद्भुतकथेचे परमोच्च कार्य मानले होते. मार्टिन ते वळण येईल अशी सारी मांडणी करतात. तुरुंगात आलेला दूत, मुलीच्या जिवासाठी पत्करलेला खोटा कबुलीजबाब, वनवासाची शक्यता, सारे काही जुळत येते, आणि वळण येत नाही. अधिक लक्षणीय आहे ती निवेदनाची जागा. ज्याच्या मनात वाचक इतकी प्रकरणे वावरला, त्याच्या अंतिम क्षणी तो त्या मनाबाहेर फेकला जातो. दृश्य दिसते ते गर्दीतून पाहणाऱ्या धाकट्या आर्याला. आणि तिलाही एक परका माणूस धरून ठेवतो, पाहू देत नाही. ज्या तलवारीने वध होतो ती नेडचीच वंशपरंपरागत तलवार आहे, एवढे तिच्या ध्यानात येते. वध प्रत्यक्ष वर्णिलेला नाही.

दुसऱ्या वाचनात याच प्रसंगाची कारणपरंपरा उघडी पडते. नेड मरतो तो दैवाने नव्हे. राणी सर्सीच्या मुलांचा जीव वाचावा म्हणून त्याने तिला आगाऊ सावध केले, पळून जाण्याची संधी दिली. मरणशय्येवरील राजाला सत्य सांगण्याचे टाळले. त्याची दया हीच त्याच्या विनाशाचे कारण ठरते. पहिल्याच प्रकरणांत बर्फात मरून पडलेली लांडगीण आढळते. तिच्या गळ्यात हरणाचे तुटलेले शिंग रुतलेले असते. लांडगा स्टार्क घराण्याचे चिन्ह, सांबर राजघराण्याचे. प्रथम वाचनात हा केवळ अशुभ शकुन वाटतो, नंतर तो अनुक्रमणिकेसारखा वाचता येतो. तिसऱ्या खंडातील विवाहप्रसंगीच्या कत्तलीचेही असेच. आदल्या खंडात डेनेरिसला दिसलेल्या आभासात प्रेतांची मेजवानी आणि लांडग्याचे शिर असलेला राजा आधीच येऊन गेलेला असतो. त्या कत्तलीत अन्न आणि मीठ देऊन पाहुण्याला अभय देण्याचा संकेत मोडला जातो. निमकहरामी हा शब्द ज्या भाषांत अजून जिवंत आहे, त्या भाषांच्या वाचकाला हा अधर्म समजावून सांगावा लागत नाही. पण तेथेही मूळ वचनभंग तरुण राजा रॉबचा आहे, आणि तोही एका मुलीची अब्रू राखण्याच्या भल्या हेतूने केलेला.

मार्टिन ज्यांचे ऋण मान्य करतात त्या मोरीस द्रुओं यांच्या ‘शापित राजे’ या सात खंडांच्या फ्रेंच ऐतिहासिक कादंबरीमालिकेशी (१९५५–७७) येथे तुलना उद्बोधक ठरते. द्रुओंच्या कथेवर १३१४ मध्ये जिवंत जाळल्या गेलेल्या टेम्पलर प्रमुखाच्या शापाची सावली आहे. मार्टिन शाप काढून टाकतात आणि त्या जागी केवळ कर्म व त्याचा परिणाम ठेवतात. त्यांचा अंधार शापाच्या अंधाराहून अधिक कठोर भासतो तो यामुळे.

मालिकेची दुसरी, आणि कदाचित अधिक प्रभावी, युक्ती दृष्टिबिंदूची आहे. प्रत्येक प्रकरणाला एका पात्राचे नाव असते आणि त्या प्रकरणात वाचकाला त्या पात्राला दिसते तेवढेच दिसते. पात्रे परस्परांपासून शेकडो कोस दूर असतात. त्यांच्यातील अंतरे वाचकाच्या मनातच जोडली जातात. परिणामी कोणत्याही पात्रापेक्षा वाचकाला अधिक ठाऊक असते, तरीही पुरेसे कधीच ठाऊक नसते. मार्टिन यांनी १९८० च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी लेखन केले होते. प्रकरण ऐन निकराच्या क्षणी तोडण्याचे कसब तेथील आहे, यात शंका नाही. मात्र ज्याच्या नावाने प्रकरण तुटले त्याच्याकडे परत येईपर्यंत मध्ये चार माणसांची मने पार करावी लागतात, आणि त्या प्रवासात पहिल्या माणसाविषयीचे मत बदललेले असते. उर्दू दास्तानगोईच्या परंपरेत कथानक रोखून धरणे हे कथेकऱ्याचे कौशल्य मानले जाई. तेथे रोखलेल्या वेळात वर्णनांचा विस्तार होई. येथे त्या वेळात वाचकाचा न्याय फिरतो.

जेमी लॅनिस्टर हे त्याचे ठळक उदाहरण. पहिल्या खंडात तो एका सात वर्षांच्या मुलाला उंच मनोऱ्यावरून खाली ढकलतो. दोन खंड तो केवळ इतरांच्या नजरेतून दिसतो आणि ‘राजघातकी’ हेच त्याचे नाव होऊन बसते. तिसऱ्या खंडात त्याच्या नावाची प्रकरणे सुरू होतात. त्याचा तलवारीचा हात तोडला जातो. हॅरनहॉलच्या स्नानगृहात, तापाने फणफणलेल्या अवस्थेत, तो ब्रिएनला राजवधाचे कारण सांगतो. वेड्या राजाने संपूर्ण नगर जाळण्याची सिद्धता केली होती आणि लाखो जीव वाचवण्यासाठी रक्षकानेच त्याला मारले. ज्या कृत्यासाठी जग त्याचा तिरस्कार करते ते त्याचे सर्वोत्तम कृत्य होते. पण म्हणून ब्रॅनचे पाय परत येत नाहीत, आणि मार्टिन तसा आभासही निर्माण करीत नाहीत. दोन सत्ये शेजारी शेजारी राहतात. चौथ्या खंडात सर्सीलाही स्वतःची प्रकरणे मिळतात, आणि तिच्या मनात शिरल्यावर ती अधिक क्षुद्र दिसू लागते. समजून घेणे म्हणजे क्षमा करणे, असे सोपे समीकरण या तंत्रामागे नाही, हे या जोडीवरून स्पष्ट व्हावे.

याच तंत्राच्या निकषावर मालिकेची सर्वांत गंभीर उणीवही दाखवता येते. वेस्टेरॉसच्या खलपुरुषाला मिळालेला न्याय पूर्वेकडील माणसांना मिळत नाही. डेनेरिस दोथ्राकी भटक्यांत वाढते, गुलामांच्या नगरांना मुक्त करते, मीरीनवर राज्य करते. पण एकाही दोथ्राकीच्या किंवा मीरीनमधील एकाही मुक्त गुलामाच्या नावाचे प्रकरण नाही. ते केवळ पाहिले जातात. त्यांचा क्रूरपणा हा स्वभाव ठरतो, तर लॅनिस्टरांच्या क्रूरपणाला इतिहास असतो. पाचव्या खंडात टिरियन गुलाम म्हणून विकला जातो, तेव्हा गुलामगिरीचे आतून दर्शन घडते. परंतु तेही एका सरदारपुत्राच्या डोळ्यांनी. वसाहतकालीन लेखनातील ‘पौर्वात्य’ प्रतिमांशी परिचित असलेल्या भारतीय वाचकाने येथे थबकावयास हवे. तो सहसा थबकत नाही, कारण कथेच्या ओढीने तो पुढील प्रकरणात पोचलेला असतो. आसक्तीविषयी समीक्षेला वाटणाऱ्या संशयाला एवढ्यापुरता तरी आधार आहे. स्त्रियांवरील अत्याचारांच्या विपुलतेविषयी घेतले जाणारे आक्षेपही याच प्रश्नाच्या कक्षेत येतात. तेथेही कोणाच्या नजरेतून, हाच विचार निर्णायक ठरावा.

या पार्श्वभूमीवर ‘अ फीस्ट फॉर क्रोज’ या चौथ्या खंडाचे स्थान वेगळे आहे. कथेचा विस्तार आवरेना तेव्हा मार्टिन यांनी कालक्रमाऐवजी भूगोलानुसार खंड विभागला. वाचकांची लाडकी तीन पात्रे, जॉन, टिरियन आणि डेनेरिस, त्यामुळे या खंडात जवळजवळ नाहीतच. पाच वर्षे वाट पाहिलेल्या अनेक वाचकांना तो कंटाळवाणा वाटला. ब्रिएन सान्साला शोधत युद्धाने उजाड झालेल्या नदीकाठच्या मुलखात फिरते, आणि सान्सा तेथे नाही हे वाचकाला पहिल्यापासून माहीत असते. उत्कंठा लेखकाने स्वतःच काढून घेतली आहे. उरतात ती जळालेली गावे, झाडांना लटकणारी प्रेते, आणि सेप्टन मेरिबाल्ड नावाचा अनवाणी धर्मोपदेशक. युद्धातून मोडून परतलेल्या, लुटारू झालेल्या सामान्य शिपायांची कहाणी तो सांगतो, आणि शेवटी समजते की ती त्याच्या स्वतःच्या बालपणाची आहे. राजे आणि सिंहासने यांच्या या कथेत शेतकऱ्याचा मुलगा युद्धात काय होऊन बसतो, हे इतक्या थेटपणे अन्यत्र सांगितलेले नाही. मालिकेचा हा सर्वांत संथ भाग तिचा सर्वांत मोलाचा भाग आहे. ज्या वाचकाला तो सोडवला नाही, त्याची ओढ उत्कंठेची नव्हती एवढे तरी निश्चित म्हणता येते.

भारतात या मालिकेची तुलना महाभारताशी करण्याची प्रथा पडली आहे. घराण्यांचे वैर, सिंहासनाचा वारसा, सदोष वीर, एवढ्या साम्यावर ती उभी असेल तर ती फार उथळ आहे. चौथ्या खंडाच्या संदर्भात मात्र स्त्रीपर्वाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे; विजयानंतर रणभूमीवर प्रेते ओळखत फिरणाऱ्या स्त्रियांना व्यासांनी एक स्वतंत्र पर्व दिले. फरक असा की महाभारतात श्रोत्याला शेवट आरंभीच सांगितलेला असतो. आदिपर्वातील धृतराष्ट्राच्या विलापात युद्धाची सारी वाटचाल येऊन जाते, आणि कथा ऐकणारा जनमेजय त्या वंशातलाच आहे. ‘पुढे काय’ ही उत्सुकता तेथे मुळातच गौण आहे. मार्टिन यांची मालिका दुसऱ्या वाचनात या अवस्थेच्या जवळ येते. पण ती तेथे पोचत नाही.

ती का पोचत नाही याचे उत्तर आनंदवर्धनाच्या विवेचनात सापडते. ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात त्याने महाभारताचा अंगी रस शांत ठरवला, तो वृष्णी आणि पांडव यांच्या विरस अंतावरून. मधल्या पर्वांतील वीर, रौद्र, बीभत्स यांचे मोल त्या अंताच्या प्रकाशात ठरते. सौप्तिकपर्वातील निद्रितांचा संहार स्वतंत्रपणे वाचला तर केवळ बीभत्स आहे; महाप्रस्थानानंतर तो निर्वेदाचा विभाव होतो. मार्टिन यांच्या विवाहप्रसंगीच्या संहाराला असा उत्तरार्ध नाही. तो निर्वेदाकडे नेतो, की केवळ पुढील संहाराची भूक वाढवतो, याचा निर्णय संहितेच्या आधारे देता येत नाही. दूरचित्रवाणी मालिकेचा २०१९ मधील शेवट येथे उपयोगी पडत नाही. तो दुसऱ्या माध्यमातील, दुसऱ्या लेखकांनी रचलेला आहे. अपूर्णतेची खंत वाचकांना असतेच, परंतु समीक्षेपुढील अडचण त्याहून मूलभूत आहे. अंगी रसच अनिर्णित असलेल्या कृतीतील अंधाराला मूल्य कोणत्या आधारावर द्यावयाचे?

सूत्र सध्या कोठे तुटले आहे ते पाहणे या संदर्भात अर्थपूर्ण आहे. मेलेली कॅटलिन सूडाने उठवली गेली आहे. तिच्या गळ्याची जखम भरलेली नाही, आणि तिच्या मनात दयेला जागा उरलेली नाही. चौथ्या खंडाच्या शेवटी ती ब्रिएनला तलवार आणि फास यांपैकी एक निवडण्यास सांगते. तलवार निवडणे म्हणजे जेमीला मारण्याचे मान्य करणे. फासावर लटकताना ब्रिएन एक शब्द ओरडते, तो शब्द छापलेला नाही. पाचव्या खंडात ती जेमीसमोर येते, सान्सा सापडल्याचे सांगते आणि एकट्याने आपल्याबरोबर येण्यास सांगते. ती खोटे बोलत आहे हे वाचकाला जवळजवळ निश्चित कळते, जेमीला कळत नाही. तो निघतो. २०११ पासून ती दोघे त्या वाटेवर आहेत.