पोच मिळाली, काम झालं का?

मित्रहो, करडीत आज समोर बहुतेक धानवाले बसले आहेत, म्हणून आम्ही टोकनापासूनच सुरुवात करतो. खरेदी केंद्रावर ४२ नंबरवाला ४१ च्या आधी पोहोचला तर काय करायचं? आज ज्या दस्तऐवजाची समीक्षा आहे, त्याचाही प्रश्न हाच. एप्रिल २००४ चा आरएफसी ३७२०, म्हणजे आयस्कझी. २०१४ मध्ये आरएफसी ७१४३ ने त्याची जागा घेतली. दूरची डिस्क साध्या नेटवर्कवरून आपल्याच संगणकात असल्यासारखी वापरायची, एवढंच त्याचं काम.

एका सत्रात अनेक टीसीपी जोडण्या असू शकतात. प्रत्येक जोडणीच्या आत क्रम टिकतो, जोडण्यांमध्ये नाही. म्हणून आज्ञांना सत्रभर चालणारा ३२ बिटांचा क्रमांक. कांटने १७८१ मध्ये घर आणि नाव यांचा दाखला दिला होता, तो इथे आठवतो. घर वरून खाली पाहा की खालून वर, घर तेच. प्रवाहात जाणारी नाव मात्र आधी वर, मगच खाली दिसते. आज्ञा कशाही पोहोचोत, पुढे सोपवायच्या त्या क्रमांकानेच. तातडीच्या तेवढ्या वगळून.

प्रवाहनियंत्रण तर आम्हाला फारच आवडलं. साठवणारा उत्तरांसोबत दोन आकडे कळवत राहतो: पुढची कोणती हवी आणि कुठपर्यंत घेईन. ४१ आणि ४८ म्हटलं की आठ आज्ञांना जागा. ४१ आणि ४० म्हटलं की दार बंद. इथे देणाऱ्याचा उत्साह नाही, घेणाऱ्याची ऐपत मोजतात, बरं का!

तक्रार पुढे आहे. मर्यादेबाहेरची आज्ञा मुकाट्याने टाकून द्यायची, नकारही कळवायचा नाही. मर्यादा आधी सांगितलेली असते, हे खरं. तरी हे मौन आम्हाला खटकतं. दुसरं, इथली पोच म्हणजे ‘मिळालं’, ‘केलं’ नव्हे. काम झाल्याचं उत्तर वेगळं येतं, त्याचा क्रमांकही वेगळा. पोचेच्या शिक्क्यावर विसंबून आम्ही एका कार्यालयात दोन वर्षं घालवली आहेत, म्हणून हा भेद आम्हाला जरा जास्तच दिसतो.

आणि ४१ वाटेत खराब झाली तर? ४२ दारात उभीच राहते. त्याच क्रमांकाने ४१ पुन्हा पाठवण्याची सोय करारात आहे. पण दुरुस्तीच्या सर्वांत खालच्या पातळीवर अख्खं सत्रच मोडून नव्याने मांडावं लागतं.